उभे राहताच उतरणारा रक्तदाब
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या आरोग्यविषयक शिबिरातील व्याख्यान)

अंथरुणावरून उठून उभे राहणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की, तिच्यासाठी शरीराला केवढी धावपळ करावी लागते याची जाणीव सहसा कोणाला होत नाही. माणूस उभा राहिला की, सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोट यांतील शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते व रक्तदाब घसरू लागतो. परंतु मानेतील रोहिणी व हृदयातून निघणारी महारोहिणी यांच्या भित्तीत दाबाची नोंद घेणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला वर्दी देतात. तेथून स्वायत्त मज्जातंतूंमार्फत आज्ञा सुटते, त्यांच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिन नावाचे द्रव्य स्रवते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नाडी जलद होते. हे सारे काही सेकंदांत उरकते. शासकीय टपालाला अशी गती लाभती, तर कित्येक तक्रारी उद्भवल्याच नसत्या!

हे आज्ञावाहक मज्जातंतूच रोगाने निकामी झाले, तर वर्दी पोहोचूनही कार्यवाही होत नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने वा त्याहून अधिक उतरला, तर वैद्यकशास्त्र त्यास उभे राहण्याने होणारा न्यूनरक्तदाब म्हणते. रुग्णाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, मान व खांदे भरून येऊन दुखतात. तो बसला किंवा आडवा झाला की बरे वाटते. घरातील माणसे त्याला अशक्तपणा म्हणतात, पित्त म्हणतात, कधी वयाचा दोष म्हणून सोडून देतात. पुढे एखाद्या पहाटे न्हाणीघराच्या दारात वृद्ध कोसळतो, खुब्याचे हाड मोडते, आणि उपचार होतो तो केवळ हाडावर. पडण्याचे कारण तसेच राहते.

मज्जातंतूंच्या या दुबळेपणाचे आपल्याकडे नेहमी आढळणारे कारण म्हणजे दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला मधुमेह. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या विकारात, हा दोष पुष्कळदा दिसतो. १९२५ साली अमेरिकेतील ब्रॅडबरी व एगल्स्टन या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. उभे राहताच त्यांचा रक्तदाब कोसळे, तरी नाडी जवळपास तशीच राही. घाम कमी येई व उन्हाळ्यात त्रास वाढे. १९६० साली शाय व ड्रेगर यांनी याच लक्षणांबरोबर मेंदूच्या अन्य भागांचाही ऱ्हास होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. तो आज मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या नावाने ओळखला जातो.

नाडीची ही खूण फार मोलाची आहे. जुलाब, रक्तस्राव किंवा उन्हातील शोष यांमुळे दाब उतरला, तर नाडी धावू लागते; मज्जातंतूंचा दोष असेल, तर ती फारशी वाढत नाही. मात्र निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटवरील व मनोविकारांवरील काही गोळ्यांनीही दाब उतरतो; म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, परंतु आपल्या मनाने एकही बंद करू नये.

तपासणीला रक्तदाबमापकापलीकडे काही लागत नाही. रुग्णास पाच मिनिटे आडवे निजवून दाब व नाडी मोजावी. मग उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावी. शेजारी आधाराला माणूस हवाच. केवळ खुर्चीवर बसवून दाब मोजण्याच्या सर्रास प्रघातामुळे हा विकार नजरेतून निसटतो.

उपचारात औषधापेक्षा दिनक्रमाला महत्त्व अधिक. त्रास सर्वांत जास्त सकाळी होतो. तेव्हा जाग येताच ताडकन उठू नये. प्रथम उठून बसावे, पाय हलवावेत, मग आधार धरून उभे राहावे. उठण्यापूर्वी दोन पेले, म्हणजे अर्धा लिटर, पाणी एकदम प्यायल्यास पुष्कळ रुग्णांचा दाब काही मिनिटांत चढतो व सुमारे तासभर टिकतो. हे पाणी मात्र निजण्याच्या वेळी घेऊ नये. पोटभर जेवणानंतरही दाब उतरतो, म्हणून थोडे थोडे खावे. कढत पाण्याची आंघोळ, दुपारचे ऊन, मद्य आणि शौचाच्या वेळी कुंथणे टाळावे. रात्री लघवीसाठी उठावे लागत असेल, तर भांडे खाटेजवळच ठेवावे. पेन्शनसाठी रांगेत उभे असताना भोवळ आल्यासारखे वाटले, तर पायांची कातर करून मांड्या आवळाव्यात किंवा सरळ उकिडवे बसावे. यात लाजण्यासारखे काही नाही. पोटाला घट्ट पट्टा बांधल्यानेही गुण येतो. मिठाचे प्रमाण वाढवण्याचा सल्ला काहींना दिला जातो; पण हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास तेच मीठ घातक ठरू शकते.

या विकाराचा खरा पेच निराळाच आहे. उभ्याने ज्याचा दाब कोसळतो, त्याचाच दाब आडवे पडल्यावर बेसुमार चढू शकतो. निजलेल्या अवस्थेतील आकडा पाहून दाब उतरवणारी औषधे वाढवली, तर रुग्ण पहाटे पडतो. उभ्याचा आकडा पाहून दाब चढवणारे औषध रात्री दिले, तर हृदय व मेंदूस धोका पोहोचतो. म्हणून खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा देऊन ती बाजू सुमारे वीतभर उंच करावी. त्यामुळे रात्रीचा दाब आवरतो, रात्रीची लघवी कमी होते व सकाळचे उठणेही सुकर होते. नुसती उशी वाढवून हा परिणाम साधत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मिडोड्रिन देतात. मिडोड्रिनची दिवसातील शेवटची गोळी निजण्यापूर्वी किमान चार तास घेतलेली असावी, आणि ती घेतल्यावर दुपारीही सपाट आडवे होऊ नये, आरामखुर्चीत टेकावे. घरात गोळ्या देणारी सून असो की नातू, ही वेळ त्यांना कागदावर लिहून दिलेली असावी.