ऊर्जेच्या नोकरीला निघालेल्या पोरीला

(धडगावच्या शिबिरातलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



आपली एक पोर शिकली आणि पुण्याला एका संस्थेत लागली. वीज कशी करायची, कुणाला किती द्यायची, याचं धोरण तिथं लिहितात. गावोगाव फिरून लोकांना ते समजावणं हेही तिचंच काम. आम्हाला आनंद आहेच. पण नुसता नारळ हातात देऊन निरोप द्यायचा नाही, थोडं बोलायचंय.

पोरी, बिलगाव तुला माहीत आहे. उदई नदीच्या पाण्यावर तिथं 2003 साली वीज झाली. केरळहून इंजिनिअर साथी आले, हिशोब त्यांनी मांडला. दगड वाहिले, बांध घातला तो लोकांनी, श्रमदानानं. वीज किती, तर 15 किलोवॅट. शहरातल्या एखाद्या मोठ्या दुकानाला पुरायची नाही! पण पाड्यांवर दिवे लागले. पुढं सरदार सरोवराची भिंत वाढली आणि 2006 च्या पावसाळ्यात पाणी चढून सगळं गेलं.

आता बघ, धरणाच्या विजेलाही धूर नाही. तिलाही स्वच्छच म्हणतात. मग फरक कुठं? एक वीज गावानं बसून ठरवली, दुसरीसाठी गावाला कुणी विचारलं नाही. तुझ्या धोरणाच्या कागदात हा फरक कुठल्या रकान्यात लिहिणार, ते आम्हाला सांग.

पवनचक्कीचंही तेच. आम्ही वाऱ्याच्या विरोधात नाही. पण पवन आणि सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही होत नाही. आमच्याकडे तर कसत्या शेतातून आधी रस्ता काढला, मग सही मागायला आले. जमीन वनाची असेल तर वनहक्क कायदा आहे, आणि ग्रामसभेची संमती घ्या असं केंद्राच्या पर्यावरण खात्याचं ऑगस्ट 2009 चं पत्र आहे. ते पत्र पिशवीत ठेव. साहेब लोकांना त्याची आठवण करून द्यावी लागते.

तिकडं ‘विविधता’ असा शब्द चालतो म्हणे. आदिवासी पाहिजेत, बाया पाहिजेत. चांगलं आहे. (ढोल वाजवायला तर आपल्याला 26 जानेवारीला बोलावतातच.) तुला पुढच्या रांगेत बसवून फोटो काढतील. काढू दे. पण मसुदा लिहितात त्या खोलीत तुझी खुर्ची आहे का, ते बघ. नसेल तर माग. एकटीला जड जाईल. आम्हाला कळव, आम्ही येऊ.

आणि लोकांना सांगायला येशील तेव्हा पावरीत, भिलोरीत सांग. चित्रांचे तक्ते नकोत, नकाशा आण. कुणाचं शेत, कुठली चराई, कुठली देवाची जागा, ते आमच्या बाया बोट ठेवून दाखवतील.

एखाद्या दिवशी कंपनीची फाईल देऊन तुलाच आमच्याकडे पाठवतील. ये. भाकर खा, बस. फाईल मात्र आधी ग्रामसभेत वाचायची, सगळी. मोजणीवाला तोवर रस्त्यावरच थांबेल.

जिंदाबाद!