शंका आली की थांबा
(शाळेतील स्वयंपाकी, मदतनीस व शिपाई यांच्यापुढे केलेले भाषण)



गुरुजी शाळेत येतात तेव्हा वर्ग झाडलेला असतो. पिण्याचे पाणी भरलेले असते. दुपारची घंटा होते तेव्हा खिचडी शिजून तयार असते. हे सगळं कोण करतं? तुम्ही करता. मुलं तुम्हाला मावशी म्हणतात, मामा म्हणतात. शाळेचे कुलूप तुम्ही उघडता आणि तुम्हीच लावता. म्हणून शाळेत काही बिघडले असेल, तर ते सर्वांत आधी तुमच्याच नजरेला पडते.

आज आपण शाळेतल्या खबरदारीविषयी बोलणार आहोत. नियम पुष्कळ आहेत. पण सगळ्या नियमांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ती आधी सांगतो. शंका आली की थांबा. आणि थांबलात हे मोठ्याने सांगा.

हे मी का सांगतो, ते ऐका.

बिहार राज्यात सारण नावाचा जिल्हा आहे. तिथे गंडामण हे एक लहान गाव. १६ जुलै २०१३ रोजी तिथल्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण वाढले. भात होता, सोयाबीनची भाजी होती. थोड्याच वेळात मुलांना उलट्या होऊ लागल्या, पोटात कळा येऊ लागल्या. त्या जेवणाने २३ मुले दगावली. पुढे तपासणी झाली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे पिकावर फवारायचे विष आहे.

आता नीट लक्ष द्या. तेलाला वेगळाच वास येतोय, असं स्वयंपाकीण बाईनं आधीच सांगितलं होतं, असं त्या वेळच्या बातम्यांत छापून आलं. पण तिचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. स्वयंपाक तसाच झाला. तिनं स्वतः ते अन्न चाखलं आणि तीही आजारी पडली.

म्हणजे बघा. बाईच्या नाकाला जे कळलं, ते खरं होतं. कमी पडलं ते एवढंच की तिच्या शब्दाला तिथं वजन नव्हतं.

तुम्ही म्हणाल, "आम्ही गरीब माणसं. थोडक्या मानधनावर काम करतो. गुरुजींपुढे आम्ही काय बोलावं? उद्या कामावरून काढलं तर?" ही भीती खोटी नाही. म्हणून बोलायचं कसं, ते आपण शिकू.

समजा, तुम्ही तेलाचा डबा उघडला. वास बरा नाही. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, तेलाला वास येतोय."

गुरुजी घाईत आहेत. ते म्हणाले, "पोरं भुकेली आहेत. टाका फोडणी."

आता वाद घालू नका, पण फोडणीही टाकू नका. डबा उचला. गुरुजींच्या हातात द्या आणि म्हणा, "गुरुजी, तुम्ही एकदा वास घ्या. मग सांगा." यात उद्धटपणा नाही. दोन नाकं एका नाकापेक्षा बरी. तरीही शंका राहिली, तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या कोणाला तरी बोलवा. या समितीत तुमच्या-आमच्यातलेच पालक असतात. एक दिवस जेवणाला उशीर झाला तर मुलं रडतील, पण संध्याकाळी घरी जातील.

नियमही तुमच्या बाजूचा आहे. जेवण मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि इतर मोठ्या माणसांनी त्याची चव घ्यायची असते. त्याची नोंद वहीत करायची असते. कित्येक ठिकाणी वहीत सही होते आणि चव कोणीच घेत नाही. तसे होऊ देऊ नका. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो ना? मग ती परीक्षा मुलांच्या आधी मोठ्यांनी द्यावी.

आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. ही विद्या स्वयंपाकघरात कामी आणा. तेलाच्या पिशवीवर, मसाल्याच्या पुडीवर तारीख छापलेली असते. ती वाचा. अक्षर बारीक असेल, इंग्रजी असेल, तर पाचवीतल्या एखाद्या मुलीला बोलवून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर एक चौकोनी खूण असते. तिचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा असला तरी ते औषध पोटात जाण्याचे नव्हे. असला डबा कितीही घासला, कितीही उन्हात ठेवला, तरी त्यात तेल, पाणी किंवा धान्य भरायचे नाही. आणि असला डबा धान्याच्या खोलीत ठेवायचाही नाही. शाळेची खोली रिकामी दिसली म्हणून कोणी खते-औषधे ठेवायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कालचा उरलेला भात आज गरम करून वाढू नका. बराच वेळ तसाच राहिलेल्या भातात जंतू वाढतात. त्यांचे विष पुन्हा उकळले तरी जात नाही. स्वयंपाकाला लागण्याआधी साबणाने हात धुवा. ज्या दिवशी तुम्हाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा बोटाला पिकलेली जखम असेल, त्या दिवशी चुलीपाशी जाऊ नका. आजार लपवून केलेला स्वयंपाक साठ मुलांच्या पोटात जातो.

आता आगीविषयी.

तामिळनाडूत कुंभकोणम नावाचे गाव आहे. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका शाळेत आग लागली. मुलांचे दुपारचे जेवण शिजत होते. स्वयंपाकघरावर गवती छप्पर होते. त्याने पेट घेतला. वर्गावरही तसेच छप्पर होते. आग तिथे पोचली आणि जळते छप्पर मुलांच्या अंगावर कोसळले. खाली यायला जिना चिंचोळा होता. ९४ मुले गेली.

आपल्या शाळेत असे होणार नाही, असे म्हणून स्वस्थ बसू नका. आजच जाऊन बघा. चुलीच्या वर गवत, ताडपत्री किंवा प्लास्टिक आहे का? सरपणाचा ढीग चुलीला लागून आहे का? वर्गाच्या दारात मोडकी बाके रचली आहेत का? मामा, हे काम तुमचे. मुले आत असताना कुठल्याही दाराला किंवा फाटकाला कुलूप नको. लावावेच लागले, तर किल्ली खिशात घेऊन चहाला जाऊ नका. किल्लीची जागा सगळ्यांना ठाऊक पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसे आग लागल्यावर किल्ली शोधू नये. दोन बादल्या वाळू आणि दोन बादल्या पाणी नेहमी भरून ठेवा.

पण पाणी सगळ्या आगीवर चालत नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी ओतू नका. ओतले तर पेटते तेल उसळून अंगावर येते. गॅस बंद करा आणि कढईवर झाकण सरकवा. हवा तुटली की आग विझते. लुगड्याने पेट घेतला, तर धावू नका. धावल्याने ज्वाळा वाढते. जमिनीवर लोळा. दुसऱ्याने जाड घोंगडी टाकून आग दाबावी. स्वयंपाक करताना पदर खोचलेला असावा आणि लुगडे सुती असावे.

आता बऱ्याच शाळांत गॅसची शेगडी आली आहे. गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात. म्हणजे तुमच्या नाकावर भरवसा ठेवूनच ही सोय केलेली आहे! वास आला की टाकीचे बटण बंद करा. दारे-खिडक्या उघडा. काडी ओढू नका. विजेचा दिवा लावू नका आणि लावलेला असेल तर मालवूही नका. त्याच्या बटणातल्या ठिणगीनेही भडका उडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास कमी झाला तरी लगेच आत जाऊ नका. मुलांना आधी मोकळ्या मैदानात न्या. मग बाहेर उभे राहून १९०६ या क्रमांकाला फोन करा.

आता एक हिशेब करू. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरतात. मुले ६० असली, तर तांदूळ झाला ६ किलो, डाळ १ किलो २०० ग्रॅम, भाजी ३ किलो. यात पाणी १४-१५ लिटर. सगळे मिळून किती झाले? पंचवीस किलोच्या आसपास. वर टोपाचे वजन वेगळे. हे उकळते ओझे एकटीने उतरवायचे नाही. २६ ते १०० मुलांना दोन स्वयंपाकी-मदतनीस, असा नियम आहे. दोघींनी मिळून उतरवा. हातात कोरडे फडके घ्या. ओल्या फडक्यातून चटका लवकर लागतो. टोप उतरवताना वाटेत एकही मूल नसावे. वाढायची रांग टोपापासून लांब लावा. रांगेत ढकलाढकली झाली, तर वाढणे थांबवा. इथेही तेच. शंका आली की थांबा.

एवढे करूनही कोणी भाजले, तर काय करायचे? भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी धरा. एक-दोन मिनिटे नव्हे, चांगली वीस मिनिटे. बर्फ नको. तूप, हळद, शाई, दातांची पेस्ट काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात न्या.

संडास-मोरी धुणाऱ्या भावा-बहिणींना एक गोष्ट सांगतो. टीसीएल पावडर आणि ॲसिड कधी एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. छाती कोंडते, जीवही जातो. एकाने धुतले असेल, तर भरपूर पाणी ओतून जागा आधी साफ करा. ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. मूल पाणी समजून पिईल.

पावसाळ्यात आणि सुट्टीनंतर वर्ग उघडताना आधी दार ढकला, आवाज करा, मग पाऊल टाका. सरपणात हात घालण्याआधी काठीने ढोसा. साप चावला, तर दोरी आवळू नका, कापू नका, रक्त चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. माणसाला उचलून सरळ सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावर लस हाच इलाज आहे.

आता चार शब्द गुरुजींना आणि समितीच्या मंडळींना. मावशी थांबली, तर तिच्यावर रागावू नका. दहा वेळा तिने शंका काढली आणि नऊ वेळा ती फोल ठरली, तरी दहाव्या वेळीही तेवढ्याच आस्थेने ऐका. नवव्या वेळी तुम्ही तिला हसलात, तर दहाव्या वेळी ती गप्प बसेल. मग जे होईल, त्याचा दोष तिच्या माथी मारू नका. तेल टाकून द्यावे लागले, तर शे-दोनशे रुपयांचे नुकसान. त्यासाठी तिच्या मानधनाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाका. सभेत ठराव करा आणि तो सर्वांसमोर वाचून दाखवा.

आणि तुम्हा सर्वांना आजच्याआज करायचे एक काम सांगतो. शाळेत गेल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, नजरेसमोर, आपल्या हाताने तीन आकडे मोठे लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणत्याही संकटात मदतीसाठी ११२. गॅस गळतीसाठी १९०६. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. अक्षर वाकडे आले तरी चालेल. स्वतः लिहिलेला आकडा घाईच्या वेळी पटकन आठवतो. त्याच्याखाली, जागा उरली तर, चार शब्द लिहा: शंका आली की थांबा.