इमारतीला नाव कुणाचे?
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



वाचनालयाच्या नव्या इमारतीला आपल्या भागातील दिवंगत पोलीस अधिकाऱ्यांचे नाव द्यावे, अशी सूचना आली आहे. माझा तिला विरोध नाही. घाई मात्र नको, एवढेच सांगायला मी उभी आहे.

ताडदेवच्या फोर्जेट स्ट्रीटवरून आपण कितीदा जातो! चार्ल्स फोर्जेट हा मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख. १८५७ साली वेष पालटून त्याने शिपायांचा कट हुडकला, आणि १५ ऑक्टोबरला मंगल गाडिया व सय्यद हुसेन यांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले. रस्त्याला नाव फोर्जेटचे. त्या दोघांची नावे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहेत? खरे सांगते, मलाही परवापर्यंत नव्हती.

उलट तुकाराम ओंबळे पाहा. हुद्दा सहायक फौजदाराचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी त्यांनी कसाबची बंदूक नुसत्या हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण हात सोडला नाही. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

तेव्हा पाटी रंगवण्यापूर्वी, ज्या बायका त्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेल्या होत्या, त्यांना विचारू या. मी उद्या दुपारपासून घरोघर जाणार आहे. कोण येते बरोबर?