जोडली म्हणजे झालं असं नाही: पप्पांची घरातली सायकल

आज कोडिंग नाही, नोकरीच्या गप्पा नाहीत. आज बोलायचंय घरात उभ्या असलेल्या सायकलबद्दल. म्हणजे ती व्यायामाची सायकल, जिच्यावर पहिले पंधरा दिवस माणूस बसतो आणि नंतर टॉवेल वाळत पडतात. ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं जवळपास तसंच इथे लिहून ठेवतोय.

आधीच सांगतो, हा भाग थोडा कबुलीजबाबासारखा आहे. मी बीटेक झालेला माणूस. घरी 'आपला इंजिनियर' म्हणून मान आहे. आणि या इंजिनियरने जोडलेल्या सायकलवरून त्याचे वडील पडले.

आमचं घर जळगावात. पप्पा ६१ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू. रिटायर झाल्यावर रोज सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जायचे. पण तुम्हाला आमचा उन्हाळा माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सकाळी सातलाच ऊन चटका देतं. त्यात टाच दुखायला लागली आणि फिरणं बंद पडलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, शुगर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, काहीतरी हालचाल हवीच, सायकल चालेल. मी पुण्यात बसून त्याच रात्री ऑनलाइन ऑर्डर टाकली. कोणती? तर फोटोत सगळ्यात भारी दिसणारी. पुढे जड चाक असलेली, जिमसारखी स्पिन बाइक. पप्पांना काय झेपेल हा विचार केलाच नाही.

शनिवारी मी घरी पोचलो, खोका आलेला होता. रविवारी रात्रीची ट्रॅव्हल्स होती. दुपारी जेवण झालं, शेवभाजी आणि भाकरी, डोळ्यांवर झापड. म्हटलं अर्ध्या तासात जोडून टाकू. सोबत आलेलं पुस्तक बाजूला ठेवलं, चित्रं बघून सुरुवात केली.

डाव्या बाजूचं पायडल बसवायला घेतलं. आपल्या हाताला सवय असते, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की घट्ट. ते जरा अडखळत आत गेलं. मी पाना लावला आणि जोर दिला. दीड आटा गेला आणि अडकलं. तेव्हा खाली बघितलं तर पायडलवर बारीक अक्षर, आर. म्हणजे उजवीकडचं पायडल मी डावीकडे कोंबत होतो. काढलं, मग बरोबर एल लिहिलेलं घेतलं. पण क्रँकमधले आटे तोवर खरवडले गेले होते. नवीन पायडल ढिलं-ढिलं आत गेलं, शेवटी जरा आवळल्यासारखं वाटलं.

आता इथे थांबा. मला माहीत होतं की हे नीट बसलेलं नाही. अज्ञान नव्हतं ते. ऑफिसात आपण करतो ना, 'आत्ता चालतंय, नंतर बघू', तसंच मी केलं. पप्पांना बसवलं, दोन मिनिटं चालवून घेतलं, आईने फोटो काढला, आणि मी पुण्याला.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "पप्पांची पोटरी काळीनिळी झालीये. तुला सांगू नको म्हणाले." झालं असं होतं की चालवताना डावं पायडल निघून खाली पडलं. पप्पांचा पाय सुटला, क्रँकचं टोक पोटरीवर बसलं. आणि या प्रकारच्या सायकलला नेहमीच्या सायकलसारखं मोकळं फिरणं नसतं. जड चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. त्यामुळे उजवा पाय ओढला गेला आणि ते एका बाजूला कलंडले. नशीब दिवाणाच्या बाजूला पडले. हाड मोडलं नाही.

आठ दिवस त्यांनी मला सांगितलं नाही. मी फोनवर रोज विचारायचो, "पप्पा, सायकल चालवली का?" ते म्हणायचे, "हो रे, चालवली." पोराने पगारातून आणलीये, त्याला वाईट वाटेल. हे मला पायडल पडण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी मी परत जळगावात. गल्लीतल्या सायकलवाल्याकडून डावा क्रँक काढून घेतला, पिशवीत टाकला आणि एसटीने धुळ्याला निघालो. धुळ्याला का? तर तिथे देवपुरात माझे मामा राहतात आणि त्यांनी सगळं आयुष्य सायकल दुरुस्तीत घालवलंय. एरंडोल, पारोळा करत पोचलो. मामांनी क्रँक उजेडात धरला, आट्यांवरून बोट फिरवलं आणि अहिराणीत एवढंच म्हणाले, "इंजिनेर शे ना तू, भो? डावं पायडल उलटं फिरस." डावं पायडल उलटं फिरतं. शाळकरी पोराला माहीत असतं दुकानात काम करणाऱ्या.

मग त्यांनी समजावलं. उजव्या पायडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. कारण पाय मारताना पायडलच्या दांड्यावर दाब गोल गोल फिरत राहतो आणि दांडा आट्यात किंचित किंचित सरकतो. दोन्हीकडे सरळ आटे असते तर डावं पायडल चालवता चालवता आपोआप सुटलं असतं. या युक्तीचं श्रेय बऱ्याचदा राइट बंधूंना देतात. विमानाच्या आधी अमेरिकेत डेटन गावात त्यांचं सायकलचंच दुकान होतं. मामांना राइट बंधू माहीत नाहीत, पण त्यांनी लक्षात ठेवायला सोपं सांगितलं: पाना पायडलच्या दांड्यावर उभा धर. आवळायचं असेल तर दोन्ही बाजूंना पान्याचं वरचं टोक हँडलकडे ढकल. सोडवायचं असेल तर सीटकडे. डावं-उजवं, घड्याळ, काही आठवायची गरज नाही. आणि पहिले चार-पाच आटे कायम बोटांनी फिरव. बोटांनी जात नसेल तर काहीतरी चुकतंय. जोर लावायचा नाही, काढून परत सुरुवात करायची.

त्यांनी त्याच लांबीचा, त्याच आट्याचा क्रँक शोधून दिला. रविवारी मी सायकल पूर्ण खोलली आणि पहिल्यापासून जोडली. या वेळी काय केलं ते क्रमाने सांगतो, तुमच्या घरी उपयोगी पडेल.

पहिलं, सगळे नट-बोल्ट आणि वायसर ताटात काढले आणि यादीशी मोजून घेतले. सायकल जोडून झाल्यावर दोन वायसर उरले तर ते 'जास्तीचे' नसतात, हे लक्षात ठेवा.

दुसरं, खालचे पुढचे-मागचे दोन आडवे पाय. दोन्ही बाजूंचे बोल्ट आधी हातानेच लावायचे, सगळे बसले की मग पान्याने एकदा इकडचा, एकदा तिकडचा असं आवळायचं. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरी तिरकी बसते.

तिसरं, सीटचा दांडा. त्यावर एक रेघ असते, कमीत कमी इतका दांडा आत हवा अशी. ती रेघ बाहेर दिसता कामा नये. उंच माणूस घरात असला की दांडा वर ओढायचा मोह होतो. हा भाग किती महत्त्वाचा ते बघा: मे २०२३ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीने सुमारे २२ लाख सायकलींच्या सीटचा दांडा बदलून द्यायचं जाहीर केलं. दांडा तुटल्याच्या ३५ तक्रारी होत्या, १३ जणांना दुखापत झाली होती. तिथे दोष दांड्यातच होता, जोडणाऱ्याचा नव्हता. पण सीटखाली काय चाललंय ते अधूनमधून बघावं, हे सगळ्यांनाच लागू आहे. महाग वस्तू म्हणजे बिनधोक वस्तू नाही.

चौथं, उंची. सायकलच्या शेजारी उभं राहिल्यावर सीट साधारण कमरेच्या हाडाशी यावी. बसून पायडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा किंचित वाकलेला राहावा. पाय ताठ होत असेल तर सीट उंच, गुडघा खूप वाकत असेल तर सीट खाली. पप्पांची सीट मी आधी फारच खाली ठेवली होती, भीती नको म्हणून. त्याने उलट गुडघे दुखत होते.

पाचवं, जागा. आमच्या हॉलला गुळगुळीत फरशी. सायकल घसरत होती. खाली रबरी मॅट टाकली, पायांखालचे स्क्रू फिरवून डुगडुग घालवली. सायकल डुगडुगली तर सगळे बोल्ट हळूहळू ढिले होतात.

आता चालवणं. या सायकलला मध्ये एक गोल मूठ असते. फिरवली की जड-हलकं होतं, आणि खाली दाबली की ब्रेक. पप्पांना मी हे दाखवलंच नव्हतं! या वेळी आधी तेच शिकवलं: हळू चालव, मूठ दाब, थांब. दहा वेळा. चाक पूर्ण थांबल्याशिवाय पाय काढायचा नाही, उतरायचं नाही. लुंगी आणि स्लिपर बंद, पायजमा आणि बूट चालू, नाडी आत. आईलाही चालवायची आहे, तिला सांगितलं साडीवर नाही, ड्रेस घालून आणि ओढणी काढून. आणि भाची घरी आली की मूठ पूर्ण जड करून ठेवायची आणि सायकल भिंतीकडे तोंड करून. लहान मुलांची बोटं फिरत्या चाकाकडेच जातात.

शरीराचं काय? डॉक्टरांना विचारून सुरुवात, हे नक्की. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण ते पोचायचं ठिकाण आहे, पहिला दिवस नाही. पप्पांनी दहा मिनिटांपासून सुरुवात केली. वेग मोजायला घड्याळ नको: चालवताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, त्यामुळे वयावरून नाडीचं गणित अशा माणसांना फसवतं. बोलण्याची ही परीक्षा फसवत नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी बसू नका. साखर जवळ ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून आधी साखर खा. छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा किंवा हात दुखला, तर 'गॅस असेल' म्हणत बसू नका, १०८ ला फोन.

आणि आपल्या खानदेशासाठी खास: खिडक्या बंद करून कूलर लावून व्यायाम करू नका. कूलर हवेत ओल वाढवतो, कोंडलेल्या खोलीत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं. खिडकी उघडी ठेवा, पंखा समोर, वेळ पहाटेची. लाइट गेली तर सायकल चालते, तिला वीज लागत नाही, पण पंखा बंद असतो. तेव्हा थांबायचं. आणि डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याची थंडी माहीत आहे तुम्हाला, पहिली पाच मिनिटं अगदी हलकी.

शेवटची गोष्ट मामांची. निघताना त्यांनी विचारलं, "नेलपॉलिश शे का घरमा?" मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. बोल्ट नीट आवळला की नटापासून सांगाड्यापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता एका नजरेत कळतं. बहिणीची लाल बाटली घेऊन मी दोन्ही पायडल, क्रँक, सीट, हँडल, खालचे पाय, सगळीकडे रेघा मारल्या. आणि पप्पांना सांगितलं की बसायच्या आधी रेघा बघणं हे तुमचं काम. पहिल्या आठवड्यानंतर सगळं एकदा परत आवळायचं, मग दर महिन्याला. पाना तिथेच सायकलला बांधून ठेवलाय.

मागच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर पप्पांचा फोटो आला. डाव्या पायडलची लाल रेघ, केसाएवढी सरकलेली. खाली लिहिलं होतं: "हँडलकडे ढकलून आवळलं. नवी रेघ मारली." मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. सायकल मी जोडली होती, पण ती आता त्यांची झालीये. आणि काही बिघडलं तर ते आता मला सांगतात.

तर मंडळी, आईवडिलांना लांबून काही यंत्र पाठवलं असेल, सायकल असो की गिझर, तर आज फोन करा. "चालू आहे का?" असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो' च येतं. विचारा, "काय ढिलं झालंय?" पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.