आजीचं बोलणं वहीत उतरवा



मुलांनो, आजच्या स्नेहसंमेलनाची सुरुवात तुम्ही बहिणाबाईंच्या गाण्यानं केलीत, आणि मला जे बोलायचं होतं त्याची वाट मोकळी झाली. गेल्या पावसाळ्यात माझी आई गेली. माझ्या मुलांची ती लाडकी आजी. आज तिच्याबद्दल आणि तुमच्या घरातल्या आयांबद्दल, आज्यांबद्दल बोलणार आहे.

बहिणाबाई चौधरी आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं होती, शेताचं ओझं होतं. दळताना, निंदताना, कापणी करताना त्या गाणी रचत आणि म्हणत. ती गाणी लिहून घेतली त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. 1951 साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण ज्या गाण्यांच्या वेळी जवळ लिहिणारं कुणी नव्हतं, ती वाऱ्यावर गेली.

माझी आई कवयित्री नव्हती. ती चौथीपर्यंत शिकलेली, शेतात राबणारी बाई. पण तिच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं आणि ते तिच्या हातात काम असलं की बाहेर यायचं. नुसतं समोर बसून ‘आई, तुझ्या आठवणी सांग’ म्हटलं की ती म्हणायची, ‘माझं काय सांगू रे!’ उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला बसली की मात्र तिला थांबवणं कठीण.

एका सुट्टीत माझी मुलगी वही घेऊन तिच्याजवळ बसली. चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटत होता. मुलीनं विचारलं, ‘आजी, तीळ किती घालायचे?’ आईनं ओंजळ पुढे केली. मुलीनं ती ओंजळ वाटीत रिकामी करून घेतली, माप लिहिलं आणि मग स्वतःही खाटेवरच्या ओल्या कापडावर बिबडे थापायला लागली. तिचे जाड व्हायचे, आजी कडा बोटांनी पातळ करून द्यायची. खाट भरत आली तशी आई बोलायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात घरात ज्वारीचा दाणा नव्हता, रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची. रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला जायची. तिथं वाटलेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून आणायची, कारण घरी धाकटी भावंडं वाट बघत असायची. मी तिचा मुलगा, पण सुकडीची ही गोष्ट मला माझ्या मुलीच्या वहीतून कळली. बहात्तरचा दुष्काळ तुमच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. तो सोसलेली माणसं अजून आपल्या ओसरीवर बसलेली आहेत.

असं ऐकून घेणं फार मोठं काम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत ती म्हणणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नावही नोंदवलं. ज्या बायकांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्यांचा शब्द त्यांच्या नावानिशी राहिला.

मुलांनो, हे तुम्हालाही जमेल. या सुट्टीत आजीजवळ बसा. आधी तिच्या हातातलं अर्धं काम आपल्या हातात घ्या. शेंगा फोडा, भाजी निवडा, वाती वळा. मग विचारा. तुझ्या लग्नात वऱ्हाड कशातून आलं? शाळा का सुटली? गावात वीज आली तेव्हा काय झालं? ती ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहा. शुद्धलेखन तुमच्या निबंधासाठी ठेवा. आजीचं वाक्य सुधारलंत तर त्यातली आजी निघून जाते. सोपानदेव स्वतः कवी होते, तरी त्यांनी आईचे शब्द आईचेच राहू दिले. म्हणून आज तुम्हाला ते गाता आले. आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव लिहा, तिच्या माहेरच्या गावासकट. कितीतरी घरांत नातवंडांना ते ठाऊकच नसतं.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात या वह्यांचं एक टेबल मांडा आणि त्या दिवशी आज्यांना पहिल्या रांगेत बसवा. मला बोलावलंत तर त्या वह्या वाचायला मी आनंदानं येईन.