मनिलाचें ऋण
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं आपल्या सर्व उपकारकर्त्यांचीं नांवें आपण कृतज्ञतेनें घेतलीं. एक ऋण मात्र यादींत राहून गेलें. तें मनिला शहराचें.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीं जपानांत गेले व तेथें कांहीं काळ त्यांनीं व्यापार केला. जेज्वीट संघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा पूर्ण झाली नाहीं. पुढें ते मनिलास गेले. तेथील फ्रान्सिस्कन बंधूंनीं त्यांस आपल्यांत घेतलें. १५९३ सालीं संत पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषे होऊन ते जपानांत परतले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं प्राण अर्पिले. पुढें चाळीस वर्षांनीं, १६३७ सालीं, त्याच नागासाकींत मनिलाचे प्रापंचिक गृहस्थ लोरेन्सो रुईझ रक्तसाक्षी झाले. १९८७ सालीं त्यांस संतपद मिळालें. अशा रीतीनें वसई व मनिला यांचें नातें रक्तानें जोडलेलें आहे.

त्या देशांत १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहांटे मिस्साबलि अर्पण करतात. त्यास ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. शेतावर जाण्यापूर्वीं शेतकऱ्यांस हजर राहतां यावें, म्हणून ती वेळ. खिडक्यांत ताऱ्यांच्या आकाराचे ‘पारोल’ कंदील लागतात. मुलें वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळास लावून आशीर्वाद घेतात. रोजरीनंतर घरोघर आशीर्वाद मागण्याची आपली रीत ज्यांस आठवते, त्यांस ही चाल परकी वाटणार नाहीं. खेड्यांत एखाद्या कुटुंबास जागा बदलावयाची असली, तर शेजारी बांबूंवर अख्खें घर उचलून खांद्यावरून नेत. ह्या सहकार्यास ते ‘बायानिहान’ म्हणतात.

आखातांत व जहाजांवर चाकरीस असलेल्या आपल्या मुलांस हेच लोक परदेशीं एका वेदीपाशीं भेटतात.

परंतु एक प्रश्न मला टोंचतो. आपल्या धर्मग्रामांत पोटासाठीं आलेलीं परप्रांतीय कुटुंबें शेवटच्या बांकावर बसतात. त्यांचें नांवहि न विचारतां आपण घरीं जातों. त्यांत मीहि आलों. परक्या शहरानें आपल्या मुलास दार उघडलें. आपलें दार कोणास उघडें आहे?

येत्या नाताळांत प्रत्येक घरानें अशा एका कुटुंबास पंक्तीस बोलवावें. मनिलाचें ऋण मनिलास फेडतां येणार नाहीं. तें आपल्या दारीं आलेल्या परक्यापाशींच फेडावें लागेल.

संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंती कर. आमेन.