यादीत आपले नाव

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. स्वतःचे नाव लिहू लागलात. अंगठ्याची शाई गेली आणि हातात लेखणी आली, याचा मला फार आनंद आहे. पण आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. तुमचे नाव मतदारांच्या यादीत आहे का? ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आहे का?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, माझ्याजवळ कार्ड आहे. यादी कशाला बघायची?" इथेच फसगत होते. कशी, ते ऐका.

मी नोकरीत होतो तेव्हा निवडणुकीचे काम आम्हा शिक्षकांकडे येई. एका वर्षी मला दुसऱ्या गावचे केंद्र मिळाले. सकाळपासून रांग लागली होती. रांगेत एक तरुण बाई उभी होती. तिच्या काखेला मूल होते. तास-दीड तासाने तिची पाळी आली. तिने कार्ड पुढे केले. कार्ड खरे होते. फोटो तिचाच होता. पण यादीत नाव नव्हते. आम्ही वरून खाली पाहिले, खालून वर पाहिले. मग उलगडा झाला. ती लग्न होऊन सासरी आली होती आणि नाव माहेरच्या यादीतच राहिले होते.

ती म्हणाली, "गुरुजी, मी हितंच राहते. समद्या गावाला ठावं हाय."

तिचे म्हणणे खरे होते. पण केंद्रावर गावाचा शब्द चालत नाही, यादीचा चालतो. मी तिला परत पाठवले. ते मला अजून टोचते.

त्या रात्री घरी आलो आणि मनात शंका आली. माझ्या थोरल्या सुनेला घरात येऊन तीन वर्षे झाली होती. आमच्या गावची यादी पाहिली, तर तिचेही नाव नाही! जगाला शिकवणारा मास्तर, आणि त्याच्याच घरात हा अंधार! आधी तिचा अर्ज भरला, मगच मी लोकांना सांगू लागलो.

हा हक्क कसा मिळाला, तेही ध्यानात ठेवा. इंग्रजांच्या राज्यात सारा, मालमत्ता किंवा शिक्षण पाहून मत मिळे. गरिबाला कोण विचारतो? १९५० साली आपली राज्यघटना लागू झाली. तिने राव-रंक, बाई-पुरुष असा भेद ठेवला नाही. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा उत्तरेकडच्या पुष्कळ बायांनी यादी करणाऱ्यांना आपले नावच सांगितले नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी ठरवले की, बाईचे स्वतःचे नाव हवे. नाव न सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख बायांची नावे गाळावी लागली. नाव नाही, तर मत नाही!

पूर्वी मताला वयाची २१ वर्षे पूर्ण लागत. १९८९ सालापासून १८ लागतात. म्हणजे घरातली तरणी पोरे-पोरी आता मतदार होतात. पण नाव आपोआप चढत नाही. अर्ज करावा लागतो.

अर्ज कसा करायचा? नवे नाव घालायचे तर नमुना ६ भरावा. पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर नमुना ८ भरावा. सासरी आलेल्या लेकीसुनांनी हाच भरावा. घरातले कोणी वारले असेल तर नाव काढण्यासाठी नमुना ७ आहे. अर्जाला पैसे पडत नाहीत. फोटो, वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा जोडावा. दर मतदान केंद्रासाठी सरकारने एक माणूस नेमलेला असतो. त्याला बी.एल.ओ. म्हणतात. अर्ज त्याच्याकडे द्यावा आणि पोच मागून घ्यावी. १७ वर्षे पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. शंका असली तर १९५० या नंबरावर फोन करावा.

मात्र निवडणूक दारात येईपर्यंत थांबू नका. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नवे नाव घेत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

आपल्यातले पुष्कळजण ऊसतोडीला जातात. कोणी म्हणते, "आम्ही सहा महिने बाहेर, आमचं नाव कसं राहील?" राहते! काही काळ कामाला बाहेर गेल्याने गावचा हक्क जात नाही, असे कायदाच सांगतो. पण नाव एकाच ठिकाणी ठेवा. खोटी माहिती देऊन दोन ठिकाणी नाव लावणे हा गुन्हा आहे. आणि नाव काढण्याबद्दल नोटीस आली तर ती वाचा, मुदतीत उत्तर द्या. आता तुम्हाला वाचता येते.

ही यादी फक्त आमदार-खासदारांसाठी नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात. ग्रामसभेचे सभासदही यादीतलेच लोक. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखून ठेवल्या आहेत. पण यादीत नाव नसेल तर बाई उभी कशी राहणार? नळाचे पाणी, रस्ता, शाळा यांविषयी बोलायचे, तर आधी नाव हवे.

आणि नाव चढले की काम संपले, असे समजू नका. नव्या मतदाराला चार गोष्टी शिकवा. मत गुप्त असते. कोणाला दिले हे सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही. मतासाठी पैसे देणे गुन्हा, आणि घेणेही गुन्हा. मत नवऱ्याचे नाही, सासऱ्याचे नाही, भावकीचेही नाही. ज्याचे त्याचे आहे. माझी सून कोणाला मत देते, हे मी तिला कधी विचारले नाही.

आता तुम्हाला घरचा अभ्यास देतो. पुढच्या वर्गाच्या आधी यादी मिळवा. आपले नाव बोट ठेवून वाचा. घरातल्या सगळ्यांची नावे पाहा. कोणाचे नाही, ते पाटीवर लिहून आणा. आपण इथेच बसून अर्ज भरू.

जयहिंद!